परत द्यायला नेलेलं पुस्तक

कोल्हापूरला निघालो तेव्हा शेजाऱ्यांनी चपलेचं माप कागदावर काढून दिलं, बायकोने कांदा-लसूण मसाला आणायला सांगितला, आणि मी पिशवीत सगळ्यात खाली, टॉवेलात गुंडाळून, एक चोरलेलं पुस्तक ठेवलं.

'चोरलेलं' हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहितोय. सात वर्षं मी त्याला 'परत करायचं राहून गेलेलं' म्हणत होतो. ऐकायला बरं वाटायचं.

मी नाशिकला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. लेखकांनी आपल्या मित्रांना सही करून दिलेली जुनी पुस्तकं जमवणं हा माझा एकमेव छंद. प्रकाशनाच्या कार्यक्रमात रांगेतल्या वाचकाला मारून दिलेली सही मला नको असते. मित्रासाठी लिहिताना लेखक घरच्या कपड्यांत असतो. माझ्याकडच्या एका कादंबरीवर लिहिलंय, 'सदूस, ज्याने हे हस्तलिखित पावसात विसरून मला दुसऱ्यांदा लिहायला लावलं.' दुसऱ्या एका पुस्तकावर आहे, 'विमलताईंना. चाळीसाव्या पानावरची म्हातारी तुम्ही नाही, शपथ.' असं काही हाती लागलं की आठवडाभर मी वर्गातही खुशीत असतो.

तर सात वर्षांपूर्वी मला कुणीतरी सांगितलं, की हातकणंगल्याजवळच्या मळ्यात बाळगोंडा पाटील नावाचे एक जैन शेतकरी राहतात आणि त्यांच्याकडे रंगराव खोराट्यांच्या 'पडक्या विहिरीतले पारवे' या कथासंग्रहाची पहिली प्रत आहे. खोराटे म्हणजे बिद्रीचे शाळामास्तर. दोन पुस्तकं लिहून गप्प बसलेले. तरुणपणी त्यांची नेमणूक या पाटलांच्या गावात होती आणि ते त्यांच्याच घरी खोली घेऊन राहत. गोष्टी लिहिल्या पाटलांच्या गुऱ्हाळात बसून.

मी गेलो, जेवलो आणि पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर होतं, 'बाळगोंडास. हे तुझ्या गुऱ्हाळात लिहिलं. तू वाचणार नाहीस, तरी तुझं.' त्याखाली पुढच्या वर्षीची तारीख घालून, 'वाचलंस?' त्याखाली, 'नाही ना? काकवी मात्र झकास.' मग, 'यंदा डोळे आले म्हणतोस.' मास्तर दर हिवाळ्यात गुऱ्हाळ सुरू झालं की यायचे, काकवी खायचे आणि त्याच पुस्तकात एक ओळ लिहून जायचे. पान भरलं, मागची कोरी बाजू भरली. शेवटची ओळ होती, 'चष्मा घेतलास. आता काय सबब सांगतोस बघतोच.'

असं पुस्तक महाराष्ट्रात दुसरं नसेल. मी म्हणालो, "आण्णा, झेरॉक्स काढून आठ दिवसांत पाठवतो." त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं. पहिला आठवडा परीक्षांमध्ये गेला. दुसऱ्या आठवड्यात मी झेरॉक्स काढली. तिसऱ्या आठवड्यात पुस्तक काचेच्या कपाटात गेलं, तिथेच राहिलं. आण्णांचा एकदाही फोन आला नाही आणि त्याचा मी माझ्या सोयीचा अर्थ लावला.

या दिवाळीत कपाट पुसताना बायकोने त्या ओळी वाचल्या. हसली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी काय लिहिलं त्यांनी?"

पुढच्या वर्षी लिहायला पुस्तक तिथे होतंच कुठे?

मंगळवार पेठ

सरळ हातकणंगल्याला उतरायला हवं होतं. पण मी भित्रा माणूस आहे. एक दिवस आधी कोल्हापुरात उतरलो आणि 'जरा जुनी पुस्तकं बघू' असं स्वतःला सांगून मंगळवार पेठेत शिरलो.

आधी मिसळ खाल्ली. आमच्या नाशिकला मिसळीबरोबर पापड देतात, दही देतात, हिरवळीवर झोपाळे असतात. माणूस सहकुटुंब रविवार घालवतो. इथे बाकड्यावर बसलो, ताटलीआधी पावाच्या लाद्यांचे काप आले, आणि मालकाने रस्सा ओतायला सुरुवात केली. मी म्हणालो, "तिखट जरा कमी."

त्यांनी पळी हवेत थांबवली. "पावणं, दवाखान्यातनं आलासा काय?"

बाकड्यावरचे सगळे हसले. मी इभ्रतीखातर पूर्ण ताटली संपवली. कानांतून वाफ निघाली तरी बोललो नाही. शेजारच्या काकांनी न विचारता आपल्या हाताने माझ्या ताटलीत आणखी रस्सा घातला आणि म्हणाले, "खावा की. घाम आल्यावर सर्दी जाती." मला सर्दी नव्हती. संध्याकाळपर्यंत मात्र नाक वाहत होतं.

दुकान तिथून दोन गल्ल्यांवर. सलीमभाईंचं. अर्धं रद्दीचं, अर्धं जुन्या पुस्तकांचं. एक तास मी धुळीत हात घातला. चांगली चांगली पुस्तकं होती, पण प्रत्येकाचं पहिलं कोरं पान गायब. नीट, पट्टी लावून फाडलेलं.

"ही पानं कुठे गेली?"

"मीच काढतो," सलीमभाई तराजू पुसत म्हणाले. "ज्येच्यावर कुणाचं नाव लिवल्यालं असतं तेवढंच."

मी ज्यासाठी गावोगाव हिंडतो तेच हा गृहस्थ रोज फाडत होता. "अहो, पण का?"

"मागं एक गुरुजी आलतं. पुस्तकं चाळता चाळता त्येंनीच आपल्या दोस्ताला दिल्यालं पुस्तक हितं गावलं. 'माझ्या जिवलगास' असं कायतरी लिवलं हुतं. मटकन बसलं की ह्या स्टुलावर. पाणी पाजलं, च्या पाजला, बोलंनात. तवापासनं पान काढल्याबिगर पुस्तक फळीवर ठेवत न्हाय. देणाऱ्याची इज्जत हाय का न्हाय?"

"आणि त्या पानांचं काय करता?"

"रद्दीत न्हाय घालत. पयलं नदीत सोडायचो, देवाच्या जुन्या फोटूसारखं. आता पाण्यात काय टाकू देत न्हाईत. तवा घरामागं जांभळ हाय, तिच्या बुडात पुरतो." मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाले, "तुमच्याकडं काय हाय? विकायचं हाय काय?"

"नाही नाही," मी म्हणालो आणि पिशवी छातीशी धरली. माझ्यातल्या संग्राहकाला त्या जांभळीच्या मुळाशी जाऊन उकरावंसं वाटत होतं. आणि माझ्यातला दुसरा माणूस, जो फार बोलत नाही, तो खाली बघत होता. मी पहिलं पान नसलेलं एक व्याकरणाचं पुस्तक उगाचच विकत घेतलं आणि निघालो.

हातकणंगले

दुसऱ्या दिवशी दुपारी पॅसेंजरने हातकणंगल्याला उतरलो. रिक्षावाल्याला मळ्याचं नाव सांगितलं तर त्याने आधी माझं गाव, काम, मुलं किती आणि थोरलीचं लग्न का राहिलं हे विचारून घेतलं आणि मगच किक मारली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, तुरे आलेला. हवेत गुळाचा वास.

रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. आण्णा ओरडतील, कदाचित ओळखणारच नाहीत. तेच बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

आण्णा अंगणात शेंगा निवडत होते. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ. माझ्याकडे दोन क्षण बघितलं आणि म्हणाले, "या की नाशिकचं पावणं! किती वाळलासा वं! सुनीता, पाणी आण गं, गूळ आण!"

मी म्हणालो, "आण्णा, मला तुमच्याशी—"

"आदी पाय धुवा."

पाय धुतले. गूळ-पाणी झालं. मी परत तोंड उघडलं. "आण्णा, ते पुस्तक—"

"आदी जेवा. दिवस मावळाय आला."

घड्याळात सव्वापाच. या घरात दिवेलागणीनंतर जेवत नाहीत, हे मला मागच्या खेपेपासून माहीत होतं. आमच्याकडे त्या वेळेला चहाचं आधण ठेवतात. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दही, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि तव्यावरून थेट ताटात पडणारं भरलं वांगं. सुनीतावहिनी म्हणजे आण्णांची सून. मुलगा सांगलीला नोकरीला, मळा तीच बघते. भाकरी वाढताना म्हणाली, "मी आत्ताच रानातनं आलो, न्हायतर पोळ्या केल्या असत्या." इकडच्या बायका 'आलो, गेलो, बसलो' असंच बोलतात. मागच्या खेपेला मला गंमत वाटली होती. यंदा मी भाकऱ्या मोजत होतो. चोराला तिसरी भाकरी आग्रहाने वाढली जात होती.

हात धुतले आणि पुढचा काही आग्रह व्हायच्या आत मी पिशवीतून टॉवेल काढला, पुस्तक आण्णांपुढे ठेवलं आणि एका दमात म्हणालो, "आठ दिवसांत देतो म्हणालो होतो. झेरॉक्स पहिल्याच महिन्यात झाली होती. मला सोडवलं नाही, म्हणून ठेवून घेतलं. चूक झाली, असं म्हणणार नाही. मी ते जाणूनबुजून केलं."

आण्णांनी धोतराला हात पुसले. पुस्तक घेतलं. लिहिलेल्या पानांकडे बघितलंच नाही. सरळ मधे उघडलं आणि पानं मागे-पुढे करू लागले.

"हितं खूण हुती," ते म्हणाले. "कोपरा मुडपून ठेवलता."

माझ्या लक्षात आलं. हो, होता. एकसष्टाव्या पानाचा कोपरा. जुन्या पुस्तकाचं पान दुमडलेलं असणं हा दोष समजतात. मी त्यावर पातळ फडकं टाकून, हलकी इस्त्री फिरवून तो सरळ केला होता आणि स्वतःच्या हातावर खूश झालो होतो.

मी पान काढून दिलं. कोपऱ्यावर पुसटशी रेघ अजून होती. आण्णांनी ती अंगठ्याने चाचपली.

"चष्मा आला तवा म्हटलं, आता वाचायचंच. रोज दोन पानं. बैल पडला हुता विहिरीत. पुढं काय झालं वं?"

मला सांगता येईना. सात वर्षं पुस्तक माझ्याकडे होतं, ओळीन् ओळ पाठ होती, पण ती पहिल्या दोन पानांवरची. गोष्टी मी वाचल्याच नव्हत्या.

आण्णा गोठ्याकडे गेले तेव्हा सुनीतावहिनीने मला गाठलं. ती आवाज खाली आणून बोलते तेव्हाही तो पलीकडच्या मळ्यात जात असावा.

"सर, आता आलायसा तर सगळं ऐका. रंगामामा सात वर्सं झाली, ह्या घरात आलं न्हाईत."

"का?"

"त्या हिवाळ्यात आलं, बसलं, म्हणलं आण पुस्तक. तर मामा म्हणलं, चुकून रद्दीत गेलं." सासऱ्यांना ती मामा म्हणते, मास्तरांना रंगामामा. "रंगामामा काकवी न खाता उठलं. 'बाळ्या, मला रद्दीत घातलास' म्हणलं आन गेलं. तेचा फोन न्हाय, ह्यांचा फोन न्हाय."

"पण रद्दीत कुठे? मी नेलं होतं, तसं सांगायचं ना!"

"मी तेच म्हणलो! तर मला म्हणलं, पावण्यानं नेलं आन दिलं न्हाय असं कसं सांगायचं? आपल्या घरात जेवल्यालं माणूस. त्येला चोर म्हणायचं व्हय?"

पेंडीचं पोतं होतं, त्यावर बसलो. मला वाटत होतं मी एक पुस्तक नेलं.

आण्णा आल्यावर मी म्हणालो, "उद्या मी बिद्रीला जातो आणि खोराटे मास्तरांना सगळं सांगतो."

"काय गरज न्हाय. उद्या मी येतो संगट. माळ्यावर गावलं म्हणून सांगू. तुमचं नाव कशाला?"

"आण्णा, पण मलाच सांगायचंय."

"पावणं, झोपा. परवासानं दमलायसा."

बिद्री

सकाळी सुनीतावहिनीने गाडी काढली. आण्णा पुढे, मांडीवर काकवीची बरणी. मी मागे, मांडीवर पुस्तक. इचलकरंजी, कागल करत निघालो. कारखान्यांचा हंगाम, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरला दोन-दोन. दर ट्रॉलीवर गाणी वाजत होती आणि वहिनी प्रत्येकीला मागे टाकताना खिडकीतून ड्रायव्हरचा उद्धार करत होती.

आण्णा तालीम करत होते. "रंगा, गावलं बग. माळ्यावर. पत्र्याच्या ट्रंकंत."

"मामा, आपल्या घराला माळा कुटं हाय? स्लॅब हाय की."

आण्णा विचारात पडले. "मग गोठ्यात."

मी मागून म्हणालो, "आण्णा, खरं सांगूया."

"तुमी मधी पडू नगा," आण्णा म्हणाले. एका ट्रॉलीवरून मोळी घसरून पुढ्यात पडली, वहिनीने करकचून ब्रेक दाबला, काकवीची बरणी उडाली आणि आण्णांच्या सदऱ्यावर सांडली. अशा अवतारात आम्ही बिद्रीत पोचलो. पुढे चिकट आण्णा, मागे मी.

मास्तर घरापुढच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. बुटके, पांढऱ्या मिश्या, कानात यंत्र. गाडीतून उतरणाऱ्या आण्णांकडे त्यांनी पेपरावरून बघितलं आणि पेपर परत वर धरला.

"रंगा," आण्णा म्हणाले.

पेपरामागून आवाज आला, "कोन?"

"बाळगोंडा."

"मी कुणा बाळगोंडाला वळकत न्हाय."

"मग काकवी कुणाला देऊ?"

पेपर थोडा खाली आला. "आंगावर सांडून आणलीस व्हय?"

आण्णांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि कट्ट्यावर ठेवलं. "गावलं बग. गोठ्यात."

मास्तरांनी ते उचललं, उलटंपालटं केलं. मी घातलेल्या जाड पारदर्शक वेष्टनावर नखाने टकटक केली. कोपऱ्यात माझ्याच हाताने लिहिलेला क्रमांक होता.

"सात वर्सं गोठ्यात हुतं? आन म्हशीनं ह्येला कव्हर घातलं? नंबरबी टाकला?"

आता त्यांना दुसरं खोटं सुचायच्या आत बोलायला हवं होतं. मी पुढे झालो. "मास्तर, ते माझ्याकडे होतं. मी नाशिकचा. झेरॉक्स काढून देतो म्हणून नेलं आणि ठेवून घेतलं. आण्णांनी तुम्हाला रद्दीचं सांगितलं ते मला वाचवायला. मी त्यांच्या घरी जेवलो होतो म्हणून."

मास्तरांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "काय करतासा?"

"कॉलेजात शिकवतो."

"म्हंजे तुमीबी मास्तर." एवढंच म्हणाले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण ते माझ्याकडून वळलेसुद्धा आणि आण्णांवर असे कडाडले, की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

"ह्या नाशकाच्या मास्तरासाठी माझ्याशी खोटं बोललास?"

"घरात जेवला हुता त्यो!"

"आन मी काय तुझ्या घरात उपाशी राहिलो व्हय रे बाळ्या? अकरा वर्सं तुझ्या आईच्या हातचं खाल्लं मी! पावण्याची अब्रू राखलास, माझी कुणी राखायची? सात वर्सं मी हितं बसून म्हणतोय, दोस्तानं मला किलोवर घातलं!"

"तू तरी एकदा इचारायचंस की!"

"मी का इचारू? आन तुला रं काय फरक पडतोय? तू कवा वाचणार हुतास ते!"

"वाचत हुतो," आण्णा म्हणाले.

"काय?"

"वाचत हुतो म्हणलं. बैल विहिरीत पडल्यापतूर आलतो. तू आल्यावर सांगणार हुतो. तर पुस्तकच न्हवतं. वाचलं म्हणून कुटल्या तोंडानं सांगू?"

मास्तरांनी कानातलं यंत्र नीट केलं. आपण बरोबर ऐकलं का याची त्यांना खात्री नसावी. मग ते हळूच कट्ट्यावर बसले आणि सरकून शेजारी जागा केली. आण्णा बसले. काकवीचा सदरा मास्तरांच्या पांढऱ्या लेंग्याला चिकटला. दोघांनीही ते बघितलं नाही.

आण्णा म्हणाले, "काय झालं त्या बैलाचं?"

मास्तर आठवत राहिले. मग म्हणाले, "च्यायला, मलाबी आटवत न्हाय," आणि हसू लागले, इतके की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आण्णांनी खिशातून चष्मा काढून एकसष्टावं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द सुटा करून, बोट फिरवत. मधे मधे मास्तर म्हणत, "हे वाक्य बेकार झालंय," आणि आण्णा म्हणत, "गप बस, वाचू दे."

बैल वाचला. गावकऱ्यांनी विहिरीत कडबा टाकून टाकून तो वर आणला. सुनीतावहिनी कट्ट्याच्या खाली उकिडवी बसून ऐकत होती आणि शेवटी "बरं झालं बाई" म्हणाली. मीही सुटकेचा श्वास सोडला.

मग मास्तरांनी घरातून पेन मागवलं. लिहिलेल्या दोन्ही पानांवर जागा नव्हती, म्हणून पुस्तकाचं मागचं कोरं पान उघडलं. माझं वेष्टन आड येत होतं. ते त्यांनी ओरबाडून काढलं आणि बाजूला टाकलं. ते लिहू लागले. एक ओळ नाही, लिहितच राहिले. मधेच थांबून विचारायचे, "महापूर आलता ते कुटलं साल?" किंवा "तुझी म्हैस गेली ती त्येच्या आदी का मागनं?" आण्णा सांगत आणि ते लिहीत.

मी कट्ट्यापासून चार हातांवर उभा होतो. वीस वर्षं मी असल्या ओळी लिहून झाल्यानंतर, माणसं गेल्यानंतर, धुळीतून गोळा करत आलोय. लिहिल्या जाताना कधी बघितल्या नव्हत्या.

मास्तरांनी पेन ठेवलं. आण्णांनी पुस्तक हातात घेऊन सावकाश, ओठ हलवत सगळं वाचलं. एका ठिकाणी "हॅट" म्हणाले. एका ठिकाणी चष्मा काढून पुसला. वाचून झालं तसं पुस्तक मिटलं.

माझ्याच्याने राहवलं नाही. "आण्णा," मी म्हणालो, "बघू का जरा?"

मी त्यांच्या घरी दोनदा जेवलो होतो. पहिल्या खेपेला मागितलं ते त्यांनी न विचारता बांधून दिलं होतं. आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता.

"न्हाय," ते म्हणाले, आणि पुस्तक मांडीखाली घेऊन बसले.

मी खाली पडलेलं वेष्टन उचललं, घडी करून खिशात घातलं आणि बरणीच्या तळाशी राहिलेली काकवी खायला आत बोलावलं होतं, तिकडे गेलो.